कटप्पा, मारुती कांबळे आणि सोलापूरचा प्रेक्षक

१० जुलै २०१५ ते २८ एप्रिल २०१७ या साडेएकवीस महिन्यांत या देशातील अगणित लोकांना एकच प्रश्न पडला होता. महागाईचा नव्हे, बेकारीचाही नव्हे. कटप्पाने बाहुबलीला का मारले, हा तो प्रश्न. एस. एस. राजमौली यांच्या चित्रपटाचा पूर्वार्ध या प्रश्नापाशी आणून सोडण्यात आला होता आणि उत्तरार्ध पडद्यावर यावयास जवळजवळ दोन वर्षे होती. एवढ्या अवधीत उत्तरे मात्र हजारोंनी तयार झाली. सोलापूरसारख्या शहरात तर या प्रश्नाला तीन भाषांतून तोंड फुटले. शहराच्या पूर्व भागातील पद्मशाली वस्तीत तेलुगू चित्रपट मूळ भाषेत पाहणारा मोठा वर्ग आहे. तेथे मागावर बसणाऱ्या विणकरापासून महाविद्यालयात जाणाऱ्या त्याच्या मुलापर्यंत प्रत्येकापाशी आपापला सिद्धान्त होता. मराठी व कन्नड बोलणाऱ्यांनी हिंदी भाषांतरावरून आपले सिद्धान्त रचले. ज्याने मूळ तेलुगू संवाद ऐकले त्याचे मत अधिक ग्राह्य की कथेचा सांगाडा पाहणाऱ्याचे, असाही एक उपवाद त्यातून निघाला. भाषांतराच्या शास्त्रावर परिसंवाद भरवूनही जी चर्चा घडत नाही ती चहाच्या टपरीवर घडली, असे म्हणावयास हरकत नाही.

सुशिक्षितांची या सगळ्याकडे पाहण्याची एक ठरलेली रीत आहे. रिकामटेकड्यांचा उद्योग, असे म्हणून ते मान फिरवितात आणि रात्री आठ वाजता स्वतःच्या घरी दूरचित्रवाणीसमोर बसून मालिकेतल्या सासूचा पुढचा डाव काय असेल याचा अंदाज बांधतात. वस्तुतः कथेची पुढची किंवा मागची बाजू तर्काने भरून काढणे, हा मराठी मनाचा फार जुना आणि फार प्रतिष्ठित छंद आहे. इरावती कर्वे यांचे 'युगान्त' १९६७ साली प्रसिद्ध झाले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या ग्रंथात इरावतीबाईंनी काय केले? महाभारतातील सुटे धागे हाती घेतले, कोण कोणाशी कसे वागले याचे पुरावे संहितेतूनच काढले आणि धर्मराज हा विदुराचा पुत्र असावा काय, अशी शंका बोलून दाखविली. आजचा महाविद्यालयीन विद्यार्थी बाहुबलीच्या बाबतीत जे करतो त्याच जातीचे हे काम होते; फरक व्यासंगाचा आणि शिस्तीचा होता. त्याच वर्षी आलेल्या 'मृत्युंजय'ने कर्णाची बाजू घेतली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या शाळाशाळांच्या शिक्षकखोल्यांत कर्णपक्ष आणि अर्जुनपक्ष असे दोन तट पडले ते अजून मिटलेले नाहीत. भीष्माने द्रौपदीच्या वस्त्रहरणाच्या वेळी तोंड का उघडले नाही, हा तर कीर्तनकारापासून न्यायाधीशापर्यंत सर्वांचा आवडता प्रश्न.

आणि गंमत अशी की कटप्पाचा प्रश्न म्हणजे वेषांतर केलेला भीष्माचाच प्रश्न होता. उत्तरार्ध आला तेव्हा उत्तर मिळाले ते असे: राजमाता शिवगामीची आज्ञा झाली म्हणून कटप्पाने बाहुबलीला मारले. राजमातेची फसवणूक झाली होती हे खरे. पण कटप्पाची फसवणूक झाली नव्हती. आपण करीत आहोत ते पाप आहे हे तो जाणून होता. सिंहासनाचे दास्य पत्करलेल्या कुळात तो जन्मला होता आणि आज्ञा पाळावयाची एवढाच त्याचा धर्म होता. दोन वर्षे तर्क लढविणाऱ्या प्रेक्षकांपैकी बहुतेकांना हे उत्तर थोडे फिके वाटले. जादूटोणा, जुळे भाऊ, खोटा मृत्यू अशा चमत्कारिक शक्यता त्यांनी कल्पिल्या होत्या आणि निघाला तो केवळ हुकमाचा ताबेदार! वरून आलेल्या कागदावर सही करून तो खाली पाठविणाऱ्या कचेरीतील माणसाला या उत्तरात काही ओळखीचे दिसावयास हवे होते. पण तेवढ्यासाठी कोणी थांबले नाही. कोडे सुटले, तिकिटाचे पैसे वसूल झाले आणि चर्चा संपली. एवढ्या मोठ्या प्रश्नाचे इतके लहान आयुष्य का असावे, हे पाहण्यासारखे आहे.

त्यासाठी चाळीस वर्षे मागे जावे लागते. १९७५ साली 'सामना' हा चित्रपट आला. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल हे याच जिल्ह्यातले. जन्म पंढरपूरचा, शालेय शिक्षण सोलापूरचे. पटकथा विजय तेंडुलकरांची, निर्मिती रामदास फुटाणे यांची. साखर कारखान्याच्या जोरावर साऱ्या पंचक्रोशीवर हुकमत गाजविणारा हिंदुराव धोंडे पाटील आणि त्याच्या गावात येऊन पडलेला एक दारुडा, मोडका, जुन्या ध्येयवादाचा अवशेष असलेला मास्तर, असा हा सामना. निळू फुले आणि श्रीराम लागू यांनी तो कसा रंगविला हे नव्याने सांगावयास नको. मास्तराच्या कानावर एक नाव पडते आणि तो विचारू लागतो की मारुती कांबळेचे काय झाले? चित्रपट हा बर्लिनच्या महोत्सवापर्यंत जाऊन आला. पण तो प्रश्न महाराष्ट्रातच राहिला. चित्रपटात त्याचे उत्तर मिळते, तरीही लोक विचारीत राहिले. सभेत विचारीत राहिले, अग्रलेखातून विचारीत राहिले, पंचायतीच्या हिशोबात गफलत निघाली की विचारीत राहिले. म्हणीला जी अवस्था प्राप्त व्हावयास शंभर वर्षे लागतात ती या प्रश्नाला दोन-चार वर्षांत प्राप्त झाली. कारण उघड आहे. तो प्रश्न कथानकाचा असूनही कथानकात मावत नव्हता. ज्या सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची संख्या राज्यात इतर कोठल्याही जिल्ह्याहून अधिक झाली, त्या जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला हिंदुराव कोण हे पडद्यावर पाहावयाची गरजच नव्हती.

म्हणजे प्रश्न दोन प्रकारचे असतात. एक प्रेक्षकाला चित्रपटगृहाच्या बाहेर घेऊन जातो, दुसरा त्याला पुढच्या तिकिटासाठी पुन्हा आत आणतो. दुसऱ्या प्रकारचे प्रश्न तयार करणे हा आज एक भरभराटीचा धंदा झाला आहे.

दूरचित्रवाणीच्या प्रारंभीच्या काळात हे असे नव्हते. सोलापूरकरांना तर हे यंत्रच उशिरा दिसले. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा जो प्रसिद्ध प्रयोग झाला त्यात कर्नाटकातले विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे होते; सीमेपलीकडच्या खेडुताने पंचायतीच्या आवारात बसून जे चित्र पाहिले ते सोलापूर शहरातल्या वकिलाला दिसत नव्हते! पुढे १९८४ साली 'हम लोग' सुरू झाली, तेव्हा घराघरांत संच आलेले नव्हते. ज्याच्या घरी होता त्याच्या ओटीवर आळी जमत असे. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या या मालिकेचे दीडशेहून अधिक भाग झाले आणि तिच्या अखेरीस अशोककुमार पडद्यावर येऊन प्रेक्षकांशी बोलत. बडकीने लग्न करावे की नाही, दारू पिणाऱ्या बसेसर रामशी त्याच्या बायकोने कसे वागावे, यावर देशभरातून पत्रांचा पाऊस पडला. ती संख्या लाखांत मोजावी लागली. प्रेक्षकांचा तर्क तेव्हा पोस्टाच्या तिकिटावर चालत होता आणि तो हुंड्याच्या, मुलींच्या शिक्षणाच्या, नोकरीच्या प्रश्नाला धरून होता. मालिका उपदेशपर होती, कित्येकदा कंटाळवाणीही होती. पण तिच्याविषयी वाद घालणारा माणूस स्वतःच्या घराविषयीच वाद घालीत असे.

खासगी वाहिन्यांची मालिका आठवड्यातून पाच-सहा दिवस चालते. तिला रोज एक अडसर लागतो, शनिवारी मोठा अडसर लागतो आणि प्रेक्षकसंख्येचा साप्ताहिक आकडा उतरला की एखादे मेलेले पात्र परत आणावे लागते. कोणी कोणाच्या दुधात काय मिसळले, याचे रहस्य महिनाभर ताणले जाते आणि मग लेखकालाच त्याचा विसर पडतो. प्रेक्षक मात्र विसरत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या भागात दाखविलेले मंगळसूत्र कोठे गेले, हे विचारणारी गृहिणी आणि पात्रांच्या वयाचा हिशोब मांडून बापापेक्षा मुलगा थोरला ठरतो हे दाखवून देणारा बँकेतला कारकून, हे खरे पाहता या मालिकांचे एकमेव संपादक होत. त्यांना मानधन मिळत नाही एवढेच.

याला अपवाद नाहीत असे नाही. झी मराठीवर २०१६ साली आलेल्या 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेने कोकणातल्या एका वाड्याचे रहस्य उभे केले. अंधश्रद्धेला खतपाणी घालते अशी टीका तिच्यावर झाली, आणि ती निराधार नव्हती. परंतु २०१९ साली तिचा दुसरा भाग आला तो पूर्वकथेचा होता. पहिल्या भागाच्या प्रारंभीच जे अण्णा नाईक मरण पावलेले होते ते येथे जिवंत, उन्मत्त, सावकारी करणारे असे समोर आले. शेवट काय होणार हे सर्वांना ठाऊक होते, तरीही मालिका गाजली आणि अण्णा व शेवंता ही नावे घरोघरी झाली. रहस्य फुटले की रस संपतो, या वाहिन्यांच्या आवडत्या समजाला एवढे चोख उत्तर दुसरे नसेल. रामकथा माहीत नसलेला कोण होता? तरी १९८७-८८ साली रविवारी सकाळी रस्ते ओस पडतच होते.

चाहत्यांच्या वादांचा दुसरा मोठा विषय म्हणजे विनोद. येथे सिद्धान्त चालत नाहीत, पाठांतर चालते. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ साली आला. हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ सालच्या 'बीवी और मकान'वरून ती कल्पना घेतलेली आहे, हे सांगण्यात एखाद्याला विद्वत्तेचा आनंद होतो आणि मराठी रूपच सरस आहे हे सांगण्यात दुसऱ्याला अस्मितेचा. दोघांनाही संवाद मुखोद्गत असतात. पण या चित्रपटाचा पाया काय आहे? पुण्यात नोकरीसाठी आलेल्या तरुणांना भाड्याने खोली मिळत नाही, घरमालकीण फक्त जोडप्यांना जागा देते, म्हणून दोघांना लुगडे नेसावे लागते. घरटंचाई हा त्यातल्या हशाचा कणा आहे. ज्यांनी तरुणपणी परगावी जाऊन खोल्या शोधल्या त्यांना ते लगेच उमगते. चि. वि. जोशी यांचा चिमणराव १९७७ पासून मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने अवतरला, तेव्हाही हसू येत होते ते मध्यमवर्गाच्या काटकसरीचे आणि भित्रेपणाचे. हसणारा स्वतःलाच हसत होता.

आज विनोदी कार्यक्रमांना तोटा नाही आणि त्यांतले काही खरोखरच चांगले आहेत. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ पासून चालू आहे आणि तिच्यातील प्रहसनांत निरीक्षणाची चमक अनेकदा दिसते. सोलापूरकराला मात्र एक जुनी खंत आहे. त्याची भाषा, तो 'काय बे', ती कानडी हेल घेतलेली वाक्ये, ती शेवटच्या अक्षरावर दिलेली ओढ, हे सारे मंचावर आले की प्रेक्षागृहात हशा पिकतो. काय म्हटले यावर नव्हे; कसे म्हटले यावर. पुण्याची भाषा बोलणारा डॉक्टर होतो आणि सोलापूरची बोलणारा त्याचा गडी होतो, ही वाटणी नाटकाने केली, चित्रपटाने चालविली आणि दूरचित्रवाणीने पुढे नेली. यात अपमान कोठे आहे, थट्टा आहे, असे म्हणणारे सोलापुरातही पुष्कळ आहेत, आणि थट्टा सोसावयास तयार नसणारा समाज निरोगी नसतो हेही खरेच. मार्च २०२५ मध्ये मुंबईत एका विनोदकाराने सत्ताधारी नेत्यावर केलेली थट्टा न सोसल्यामुळे जेथे तिचे चित्रीकरण झाले त्या सभागृहाची मोडतोड करण्यात आली. तेव्हा सोसण्याचा उपदेश नेमका कोणाला करावयाचा, याचा थोडा विचार व्हावयास हवा. बोलीवरून होणारी थट्टा गरिबाने मुकाट्याने सोसावी आणि सत्तेवरून होणारी थट्टा झाली की खुर्च्या मोडाव्यात, असा हा उलटा न्याय आहे.

तिसरा विषय चित्रपटांच्या बारीकसारीक माहितीचा. कोणता प्रसंग कोठे चित्रित झाला, कोणाच्या जागी आधी कोण काम करणार होते, कोणत्या दृश्यात मागे घड्याळ चुकलेले दिसते, याचा खजिना बाळगणारी माणसे प्रत्येक गावात असतात. सोलापुरात भागवत चित्रमंदिराच्या आवारात एकेकाळी अशी माणसे खेळ सुटण्याच्या वेळी हमखास भेटत. अभिनेत्री शशिकला मूळच्या सोलापूरच्या, येथपासून त्यांची सुरुवात होई. आता ही माहिती भ्रमणध्वनीवरून येते आणि खऱ्याखोट्याची सरमिसळ होऊन येते. पण तिला सरसकट क्षुल्लक मानणे बरोबर नाही. 'शोले'चेच उदाहरण घ्यावे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो प्रदर्शित झाला, त्याच्या संवादांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्या पानपट्टीच्या दुकानांतून वाजत राहिल्या. चाहते तेव्हापासून सांगत आले की शेवट मुळात निराळा होता. ठाकूर गब्बरसिंगला स्वतःच्या पायांनी ठार मारतो. ही बाष्कळ दंतकथा नव्हती. आणीबाणीचा काळ होता, कायदा हातात घेणारा नायक परीक्षण मंडळाला नको होता, म्हणून ऐन वेळी पोलीस आणावे लागले. जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे मूळ शेवटासह चित्रपट दाखविला गेला, तेव्हा पन्नास वर्षे फुकाच्या गप्पा म्हणून हिणविलेली माहिती इतिहास ठरली. नागरिकांचे हक्क गोठविणाऱ्या सरकारला पडद्यावरच्या ठाकुराने काय करावे याचीही चिंता होती, हे पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदापेक्षा या एका गोष्टीने विद्यार्थ्याला अधिक लवकर कळते.

सोलापूरच्या स्वतःच्या वाट्याला आलेली अशी गोष्ट तर याहून विलक्षण आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० सालचा, सोलापूरचा. १९३८ साली काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, तेथेच राहिले, तेथेच त्यांनी कुओ छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून शांतारामबापूंनी १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. चित्रपटाच्या शेवटी त्यांची पत्नी लहानग्या मुलाला घेऊन सोलापूरच्या घरी येते. प्रत्यक्षात मायलेक तेव्हा चीनमध्येच होते. पुढील दशकांत छिंगलानबाई अनेकदा भारतात येऊन गेल्या. हा शेवट खोटा म्हणावयाचा की सोलापूरच्या मनातला खरा शेवट म्हणावयाचा, यावर वाद घालता येईल. पण पुढचे ऐका. हिंदुस्थान आणि चीन यांच्या मैत्रीचा गौरव करण्यासाठी काढलेल्या या चित्रपटाची इंग्रजी आवृत्ती निघाली होती. शीतयुद्धाच्या काळात ती अमेरिकेत 'नाइटमेअर इन रेड चायना' या नावाने विकली गेली! तीच चित्रे आणि तीच माणसे, पण अर्थ नेमका उलटा. चित्रपट म्हणजे काय आणि त्याला नाव देणारा कोण, हे शिकविण्यासाठी याहून चांगला धडा शोधूनही सापडणार नाही, आणि तो ज्या शहराच्या पदरात आपोआप पडला आहे त्या शहरातल्या किती शाळांत तो सांगितला जातो?

हे सगळे जेथे एकत्र येते, म्हणजे कथेविषयीचा तर्क, बोली, आणि चित्रीकरणाची माहिती, तो चित्रपट याच जिल्ह्याचा आहे. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. त्यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. नायिका अकलूजची, गावे करमाळ्याकडची, पार्श्वसंगीतात मात्र हॉलीवूडमध्ये ध्वनिमुद्रित केलेला सिम्फनी वाद्यवृंद. मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे सारे पूर्वीचे आकडे त्याने मोडले. गडी-बाई अशा पात्रांसाठी राखून ठेवलेल्या बोलीत येथे नायिका प्रेम करते, घोडेस्वारी करते, बुलेट चालविते, हुकूम सोडते. त्या बोलीला कोणी हसले नाही. २०१७ साली कन्नडमध्ये आणि २०१८ साली हिंदीत त्याच्या आवृत्त्या निघाल्या. कानडी प्रेक्षकाला मूळ आणि नक्कल दोन्ही पाहता आल्याने सोलापुरात तुलनेचा एक स्वतंत्र फड रंगला.

पण खरा वाद शेवटाचा. आर्ची आणि परश्या हैदराबादेत संसार मांडतात, मूल होते, आर्ची धीर करून आईला फोन करते. काही काळाने तिचा भाऊ माणसे घेऊन येतो, आईने पाठविलेल्या भेटवस्तू आणतो, चहा होतो. आणि मग पडद्यावरचा आवाज थांबतो. रक्ताचे पाय उमटवीत चालणारे मूल तेवढे दिसते. या शेवटाने स्तब्ध होऊन बाहेर पडलेला प्रेक्षक दारातच तर्क लढवू लागला. पत्ता कोणी दिला? आईला ठाऊक होते काय? भेटवस्तू खरोखर तिने दिल्या, की तिच्या नावाचा उपयोग करण्यात आला? फोन केला नसता तर ती दोघे वाचली असती काय? कोणी म्हणे आई निर्दोष, कोणी म्हणे तिने सारे जाणूनबुजून केले, कोणी म्हणे बोलली एका ओघात आणि ऐकले दुसऱ्याच कोणी. शेवट असा दुःखद करावयास नको होता, तो 'निष्कारण' आहे, असेही म्हणणारे निघाले. हा शेवटचा वर्ग मोठा होता.

त्या वर्गाने नकाशा उघडून पाहावयास हवा होता. करमाळ्याला लागूनच जामखेड तालुका आहे; तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला. त्या तालुक्यातील खर्डा या गावी २८ एप्रिल २०१४ रोजी, म्हणजे 'सैराट' येण्याच्या बरोबर दोन वर्षे आणि एक दिवस आधी, सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, हे कारण सांगण्यात आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मंजुळे यांचाच 'फँड्री' प्रदर्शित झाला होता. त्याच्या अखेरीस दलित मुलाने भिरकावलेला दगड सरळ प्रेक्षकाच्या दिशेने येतो. खर्ड्याचा खटला तीन वर्षांहून अधिक काळ चालला. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले.

प्रेक्षकाच्या स्मरणशक्तीविषयी येथे विचार करावासा वाटतो. आर्चीने फोन कोणत्या ठिकाणाहून केला, भाऊ आला तेव्हा मूल कोठे होते, शेजारीण त्याला कोणत्या वेळी घेऊन गेली, हे चित्रपट चार वेळा पाहिलेला विद्यार्थी अचूक सांगतो. दृश्यादृश्याची साखळी जुळवून आईवर आरोप ठेवतो आणि तिचा बचावही करतो. पुरावा म्हणजे काय, अनुमान कोठे संपते आणि कल्पना कोठे सुरू होते, हे त्याला कोणी शिकविलेले नसताना येते. ज्या पट्ट्यात हे तरबेज लोक राहतात त्याच पट्ट्यात उघड दिवसा घडलेल्या प्रकाराविषयी न्यायालयात काही सांगावयाची वेळ आली तेव्हा गावाला आठवेना. येथे बुद्धीचा अभाव आहे असे कोणी म्हणणार नाही. भीती आहे, जातीचा दाब आहे, रोजगार ज्याच्या हाती त्याची आज्ञा आहे. कटप्पाला जे बांधून ठेवते तेच.

म्हणून चाहत्यांच्या वादांना नाके मुरडणाऱ्यांशी जसे सहमत होता येत नाही, तसेच हे वाद म्हणजे आपोआप समाजजागृती, असे मानणाऱ्यांशीही नाही. 'आईला ठाऊक होते काय' हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कोणी पुढचा प्रश्न विचारला तरच त्याला अर्थ आहे, आणि पुढचे प्रश्न अगदी रोखठोक आहेत. २७ मार्च २०१८ रोजी शक्तिवाहिनी संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सज्ञान मुलामुलीच्या विवाहात कुटुंबाला, जातपंचायतीला वा अन्य कोणत्याही जमावाला हस्तक्षेप करण्याचा अधिकार नाही, असे सांगून प्रत्येक जिल्ह्यात अशा जोडप्यांच्या तक्रारीसाठी विशेष कक्ष असावा, त्यांच्यासाठी सुरक्षित निवाऱ्याची सोय पाहावी, आणि ज्या अधिकाऱ्याने हयगय केली त्याच्यावर कारवाई व्हावी, असे निर्देश न्यायालयाने दिले. आर्ची आणि परश्या पळाली ती या निकालाच्या आधीच्या काळात. आज अकलूजच्या किंवा करमाळ्याच्या महाविद्यालयातील एखादी मुलगी त्याच अडचणीत सापडली तर तिने सोलापुरात कोणत्या कचेरीत जावयाचे, कोणत्या क्रमांकावर फोन करावयाचा, हे तिच्या प्राध्यापकांना ठाऊक आहे काय? महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर ते लावलेले आहे काय? स्नेहसंमेलनात 'सैराट'च्या गाण्यांवर नाच बसविणाऱ्या शिक्षकांना हे विचारता येण्यासारखे आहे, आणि नाच बसविण्याच्या आधी विचारता येण्यासारखे आहे.